स्टुटगार्टची कन्सल्टिंग ऑफर आणि घरी द्राक्षबाग: जावं की थांबावं? अनुभवी लोकांचं मत हवंय

द्राक्षवेल | ५ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, आज स्वतःच्या अडचणीसाठी धागा काढतोय. थोडं लांबणार आहे.

वय ३३. नाशिकमध्येच मेकॅनिकल केलं आणि अंबड एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात पाच वर्षं प्रॉडक्शन प्लॅनिंगला काढली. तिथे एसएपी (कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर) आलं, साहेबांनी मला की-यूजर, म्हणजे खात्यातर्फे ते सांभाळणारा माणूस, म्हणून बसवलं आणि तिथून गाडी रुळ बदलून पुण्याच्या एका कन्सल्टिंग कंपनीत गेली. प्रॉडक्शन प्लॅनिंग आणि क्वालिटी ही त्यातली माझी दोन मॉड्यूल्स, म्हणजे विभाग. सहा वर्षांत चार गो-लाइव्ह केले, म्हणजे चारदा सिस्टिम प्रत्यक्ष सुरू करून दिली. कोविडनंतर बहुतेक काम इंदिरानगरच्या घरातूनच चालतं. पगार वर्षाला २४ लाख.

आता स्टुटगार्टजवळच्या एका मध्यम फर्मची लेखी ऑफर आली आहे. वर्षाला ६८,००० युरो, वर दहा टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारी रक्कम), सहा महिने प्रोबेशन. १ जानेवारीला रुजू व्हा म्हणतात. कामाची भाषा इंग्रजी, पण पहिल्या वर्षात जर्मन बी१ (भाषेची तिसरी पातळी; ए१ सगळ्यात खालची) करावं अशी अपेक्षा पत्रात लिहिली आहे. माझं जर्मन सध्या ए१, तेही ॲपवर शिकलेलं. शिवाय दुबईच्या एका फर्मशी बोलणी चालू आहेत. तिथला आकडा मोठा सांगतात, पण कागद हातात नाही.

घरची बाजू अशी. बाबा ६४ वर्षांचे, निफाड तालुक्यात आमची चार एकर द्राक्षबाग आहे. यंदा मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि थांबलाच नाही. काडीत घडच नीट तयार झाले नाहीत. दसऱ्याला घरी गेलो तेव्हा बाबा गोडी (फळांसाठीच्या) छाटणीसाठी मजूर शोधत होते आणि मी खिशात ऑफर लेटर घेऊन फिरत होतो. बोललो नाही. आईचे गुडघे गेलेत. बहीण जळगावला. बायको डेंटिस्ट आहे, कॉलेज रोडला दोघी मैत्रिणी मिळून क्लिनिक चालवतात. मुलगी चार वर्षांची.

पैसा हा मुद्दा आहेच, पण तेवढाच नाही. इथे मी जे काम करतो त्यातलं निम्मं काम तिकडच्या कन्सल्टंटने ठरवलेलं असतं, आम्ही रात्री बसून ते सिस्टिममध्ये उतरवतो. मला त्या टेबलाच्या पलीकडे बसायचं आहे. ही इच्छा खरी आहे की नुसती हवा, हे तिथे काम केलेल्यांनी सांगावं.

सिन्नरचा_पोऱ्या | ५ ऑक्टोबर, रात्री ११:०५

वाचतोय दादा. मी यंदाच इंजिनियरिंग संपवलं, मलाही कन्सल्टिंगमध्येच जायचं आहे.

नेकारकाठ | ६ ऑक्टोबर, पहाटे ३:२०

मूळचा नाशिकच्या सिडकोचा, स्टुटगार्ट भागात नऊ वर्षं झाली. तुमचंच क्षेत्र, तुमचंच मॉड्यूल. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी सोपं उरकतो. ब्लू कार्डची, म्हणजे तिकडे राहून नोकरी करायच्या परवान्याची, अडचण तुम्हाला येणार नाही. २०२५ साठी पगाराची किमान मर्यादा ४८,३०० युरो आहे, टंचाईच्या क्षेत्रांसाठी त्याहून कमी. तुम्ही बरेच वर आहात. ही मर्यादा दरवर्षी जानेवारीत बदलते, तेवढं बघा. तुमचं विद्यापीठ अनाबिन या जर्मन यादीत एच प्लस, म्हणजे मान्यताप्राप्त, दिसतंय का ते आजच तपासा आणि त्या पानाची प्रिंट काढून ठेवा. ब्लू कार्डसाठी जर्मन लागत नाही, बायकोच्या व्हिसालाही ए१ची अट नाही आणि आल्या दिवसापासून तिला नोकरी करायची मुभा असते. कायम वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांत मिळतो, बी१ असेल तर २१ महिन्यांत.

म्हणजे कायदा तुम्हाला जर्मनशिवाय आत घेतो. आमचा धंदा मात्र घेत नाही. कन्सल्टिंग हे बोलण्याचं काम आहे. प्रोग्रामर इंग्रजीवर निभावून नेतो. तुम्ही ज्या टेबलाबद्दल लिहिलंय, त्या टेबलावर या भागात जर्मनच बोलतात. मोठ्या कंपन्यांच्या मुख्यालयात इंग्रजी चालेल, पण मध्यम फर्मचे क्लायंट म्हणजे तीन-चारशे माणसांचे, पिढ्यान्पिढ्या एकाच घराण्याकडे असलेले कारखाने. तिथला प्लॅनर पंचावन्न वर्षांचा असतो आणि तो त्याच्या भाषेत भांडतो.

माझाच पहिला वर्कशॉप सांगतो. बी१ पास होऊन आलो होतो, प्रमाणपत्र बॅगेत. रॉयटलिंगनकडचा एक गिअरचा कारखाना, टेबलाभोवती नऊ माणसं. पहिली दहा मिनिटं सगळे माझ्याकडे बघून सावकाश, पुस्तकी बोलले. मग उत्पादन ऑर्डर कधी बंद करायची यावर वाद पेटला आणि सगळे त्यांच्या श्वेबिश बोलीत घसरले. मला एक वाक्य कळेना. शेजारी बसलेला माझा मॅनेजर कागदावर दोन-दोन शब्द लिहून माझ्याकडे सरकवत होता. दुपारी जेवणाआधी तिथल्या फोरमननेच, तिकडे त्याला माइस्टर म्हणतात, खुर्ची मागे ढकलली आणि म्हणाला, चला खाली.

खाली शॉपवर गेलो आणि मला हायसं वाटलं. मशिनचा तोच वास, कूलंटने चिकट झालेली तीच फरशी. मी सातपूरला, नाशिकच्याच एमआयडीसीत, साडेतीन वर्षं काढलेली होती. ग्राइंडिंगच्या शेवटच्या मशिनपाशी एक लाल क्रेट होता. सगळ्या क्रेटना कार्ड लावलेलं, फक्त त्याला नाही. मी तोडक्या जर्मनमध्ये विचारलं, हा माल सिस्टिममध्ये कुठे आहे? माइस्टर माझ्याकडे बघतच राहिला. तो रिवर्कचा, म्हणजे दुरुस्तीसाठी बाजूला काढलेला माल होता आणि तो कुठेच नोंदलेला नव्हता. वर दोन तास जो स्टॉकचा फरक कुणाला सापडत नव्हता, तो त्या क्रेटमध्ये पडलेला होता. त्या माणसाने कानामागची पेन्सिल काढली आणि क्रेटच्याच पुठ्ठ्यावर मला सगळा प्रवाह काढून दाखवला. पुढची दीड वर्षं तो मला थेट फोन करायचा, मॅनेजरला नाही.

त्या दिवशी मला अंबड-सातपूरने तारलं. पण दुपारनंतर पुन्हा वर गेलो तेव्हा मी पुन्हा मुका झालो, हेही तितकंच खरं. म्हणून माझं म्हणणं एवढंच: तुमची पाच वर्षांची कारखान्यातली नोकरी हे तुमचं भांडवल आहे, ते इकडच्या पोरांकडे नाही. पण जर्मन आलं नाही तर ते भांडवल बंद पेटीत राहील. सहा महिने प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांच्या नोटिशीवर माणूस घरी जातो. माझ्या आधीच्या फर्ममध्ये एका हुशार मुलाला पाचव्या महिन्यात काढलं. काम उत्तम होतं, पण क्लायंटसमोर उभं करता येईना, त्यामुळे त्याच्या तासांचं बिल क्लायंटला लावता येईना.

वाळवंटी_वाट | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

नेकारकाठ, सुंदर लिहिलंत. मी दुबईचं सांगतो, सात वर्षं इथल्या एका स्ट्रॅटेजी फर्ममध्ये आहे.

द्राक्षवेल, आयकर नाही हे खरं आणि हातात पडणारा पैसा जर्मनीपेक्षा जास्त, हेही खरं. पण ऑफर आली की बेसिक पगार किती ते पहिलं बघा. नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात, पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला २१ दिवसांची, पुढे ३० दिवसांची. बेसिक लहान ठेवून भत्ते फुगवले असतील तर पत्र जाड दिसतं आणि शेवटी हातात कमी पडतं.

दुसरं, दुबईत राहायचं म्हणजे दुबईत काम करायचं असं समजू नका. इथल्या कन्सल्टिंगचं पोट सौदीवर भरतं. व्हिजन २०३० (सौदीची विकास योजना) आल्यापासून कामाचा ओघ तिकडे आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून सौदी सरकारने नियम केला की सरकारी कंत्राट हवं असेल तर कंपनीचं प्रादेशिक मुख्यालय सौदीत पाहिजे. त्यामुळे फर्म माणसंच रियाधला हलवतात. माझं कुटुंब दुबईत, क्लायंट रियाधला. युएईत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी, सौदीत शुक्रवार-शनिवार. मी गुरुवारी रात्री घरी येतो, शुक्रवारी मुलाची शाळा, रविवारी त्याची सुट्टी तेव्हा मी पहाटेच्या विमानात. आठवड्यात आम्हा दोघांना मिळून एक शनिवार मिळतो. तुमची मुलगी चार वर्षांची आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

सिन्नरचा_पोऱ्या | ६ ऑक्टोबर, दुपारी १:३०

अमेरिकेचं काय? आमच्या बॅचमधले सगळे तिकडेच एमएस म्हणतात.

नेकारकाठ | ६ ऑक्टोबर, रात्री ८:१०

तुझ्यासाठी वेगळा धागा काढ, तिथे लिहीन. थोडक्यात: एच-१बी, म्हणजे तिकडचा नोकरीचा व्हिसा, वर्षाला ८५,००० आणि तेही सोडतीने. त्यात २१ सप्टेंबरपासून देशाबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क बसवलंय. ग्रीन कार्डात कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतीयांची रांग पिढी ओलांडणारी. कर्ज काढून जाणार असशील तर हे घरच्यांसमोर स्वच्छ मांड आणि मग ठरव. आधी दोन-तीन वर्षं इथेच कारखान्यात घाल, असं माझं मत आहे. सिन्नर आणि अंबडला जे शिकशील ते कुठलाही वर्ग शिकवणार नाही.

परतीची_वाट | ७ ऑक्टोबर, सकाळी ११:५०

लंडनमध्ये सहा वर्षं कन्सल्टिंग करून तीन वर्षांपूर्वी गंगापूर रोडला परत आले. परत आलेल्या बाईचं म्हणणंही धाग्यावर असावं म्हणून लिहिते.

इंग्लंडची वाट आता अरुंद झाली आहे. स्किल्ड वर्कर व्हिसाची सर्वसाधारण पगारमर्यादा यंदा २२ जुलैपासून ४१,७०० पौंड केली आणि आरोग्य अधिभार मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, लहान मुलाला ७७६, तोही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचा एकरकमी. तिघांचं कुटुंब, पाच वर्षांचा व्हिसा, गुणाकार करून बघा.

पण मला लिहायचंय ते तुमच्या पत्नीबद्दल. तुमच्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये तिच्या वाट्याला एकच वाक्य आलंय. तिचं क्लिनिक उभं आहे, तिचे पेशंट आहेत. तिकडे ती डेंटिस्ट म्हणून लगेच काम करू शकेल का, हे तुम्ही दोघांनी तपासलंय का? आमच्या घरी उलटं होतं. नोकरी माझी होती आणि नवरा दोन वर्षं घरी बसला. चांगला, समजूतदार माणूस. पण रविवारी संध्याकाळी मी बॅग भरायला घेतली की तो दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचा. सोमवार ते गुरुवार मी मँचेस्टरला हॉटेलात आणि तो एका अनोळखी गावात एकटा. कन्सल्टंटच्या जोडीदाराचा एकटेपणा हा नोकरीच्या अटींमध्ये कुठे लिहिलेला नसतो, पण तो असतो.

द्राक्षवेल | ७ ऑक्टोबर, रात्री १०:२०

ताई, तुमचं बरोबर आहे. मी ते वाक्य काल पुन्हा वाचलं आणि लॅपटॉप तिच्याकडे दिला. तिने अख्खा धागा वाचला. तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत: "मला तिथे पुन्हा हातात ड्रिल धरायला किती वर्षं लागतील?" नेकारकाठ, माहिती असेल तर सांगा.

नेकारकाठ | ८ ऑक्टोबर, पहाटे २:५०

आमच्या ओळखीत एक नागपूरच्या ताई या वाटेने गेल्या आहेत. भारतीय बीडीएसला इकडे आपोआप मान्यता नाही. अप्रोबात्सिओन म्हणजे व्यवसायाचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी जर्मन बी२, मग वैद्यकीय भाषेची सी१ पातळीची परीक्षा, आणि पदवी समकक्ष धरली नाही तर ज्ञानाची परीक्षा, ज्यात प्रत्यक्ष कामही करून दाखवायचं असतं. त्या ताईंना शून्यापासून परवान्यापर्यंत साडेतीन वर्षं लागली. आज त्यांचं छान चाललंय. पण ती साडेतीन वर्षं सोपी नव्हती, हे त्या स्वतः सांगतात. वहिनींनी आत्ता नाशिकमध्ये असतानाच बी१ पर्यंत पोहोचायचं ठरवलं तर त्यातलं एक वर्ष सहज वाचेल. भाषा शिकत असताना क्लिनिकही चालू राहील.

हिशेबनीस | ८ ऑक्टोबर, दुपारी ४:००

मी सीए, ऑफिस शरणपूर रोडला. पैशाच्या बाजूचे काही मुद्दे कुणी लिहिलेले दिसले नाहीत.

द्राक्षवेल, तुम्ही ६८,००० मधून हातात किती येणार ते कोणत्या करवर्गाने धरलंत? जर्मनीत एकट्या कमावत्या विवाहिताला तिसरा करवर्ग मिळतो आणि त्यात महिन्याला ३,९०० युरोच्या आसपास हातात येतील. पण त्यासाठी जोडीदार तिथे राहायला हवा. पत्नी नाशिकला असेपर्यंत तुम्ही पहिल्या वर्गात, म्हणजे साडेतीन हजारांच्या थोडं आतच. पहिल्या काही महिन्यांचा हिशेब या आकड्यावर करा. घर भाड्याने घेताना तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत डिपॉझिट मागतात, तेही धरा.

रुजू होण्याची तारीख. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर तो त्या वर्षापुरता अनिवासी. १ जानेवारीला गेलात तर या वर्षाचे १८२ दिवस केव्हाच उलटलेले असतील. म्हणजे जानेवारी ते मार्चचा जर्मन पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवायचा, मग दुहेरी कर टाळण्याच्या कराराखाली सूट मागायची. होतं, पण कटकट आहे. मार्चअखेर निघालात तर हे वर्ष स्वच्छ निवासी, पुढचं स्वच्छ अनिवासी. दुबईला जाणाऱ्याला ही तारीख याहून महाग पडते, कारण तिकडे कर भरलेलाच नसतो, सूट कशाची मागणार?

गेल्यावर बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींच्या खात्यात, बदलून घ्यायचं, तसंच चालू ठेवणं नियमात बसत नाही. पीपीएफ आहे ते मुदतीपर्यंत चालतं, नवं उघडता येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि निफाड-दिंडोरीच्या घरांत मी हे वारंवार बघते. अनिवासी झाल्यावर तुम्हाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाने मिळू शकते, आणि निवासी असताना नावावर झालेली ठेवता येते. म्हणजे बाबांच्या मनात काही एकर तुमच्या नावे करायचे असतील तर ते तुम्ही निघण्याआधी व्हायला हवं. मुलाला शेतजमीन बक्षीस देताना महाराष्ट्रात मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार लागतो. हे करा असं मी म्हणत नाही, बहिणीचा विचार आधी. पण हा दरवाजा कधी बंद होतो ते घरात सगळ्यांना माहीत असावं. माझ्या एका अशिलाला हे कळलं तेव्हा तो टोरांटोत होता आणि दस्त नोंदवायला सगळे निबंधक कार्यालयात येऊन बसले होते.

सिन्नरचा_पोऱ्या | ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४५

ताई, कॉलेज रोडचा एक एजंट जर्मनीत नोकरी लावून देतो म्हणून दोन लाख मागतोय. त्याचं काय करावं?

हिशेबनीस | ८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०

एक रुपयाही देऊ नको. परदेशी नोकरीसाठी भरती करणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला असावा लागतो. ई-मायग्रेट संकेतस्थळावर त्याचं नाव शोध. नोंदलेल्यालाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. पावती मागितलीस की त्याचा चेहरा बघ.

जुना_ओझरकर | ९ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

मी एचएएलमधून (ओझरचा विमान कारखाना) निवृत्त. मुलगा अकरा वर्षं म्युनिकला आहे. या धाग्यावर सगळे जाणाऱ्याच्या बाजूने लिहितायत, मी मागे राहणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

मुलगा गेला याचं मला वाईट वाटत नाही. मीही सातारा जिल्ह्यातलं गाव सोडून ओझरला आलो, माझ्या वडिलांना ओझर म्युनिकइतकंच लांब होतं. पण दोन वर्षांपूर्वी ही रात्री न्हाणीघरात पडली. मला तिला उचलता येईना. मुलाला फोन लावला नाही, तो तिथून काय करणार? शेजारच्या फ्लॅटमधला मुलगा आला, त्यानेच गाडी काढली. दवाखान्यात विम्याचे कागद मागितले. ते मुलाने काढून दिले होते खरे, पण त्याच्या ईमेलमध्ये. पहाटे चार वाजता आमच्याकडे त्या विम्याचा नंबरसुद्धा नव्हता.

आता घरात फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. विम्याचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, शेजारच्या मुलाचा, रुग्णवाहिकेचा १०८, आणि दोघांच्या गोळ्यांची नावं. मुलगा दरवेळी आला की तो कागद नवा लिहितो, स्वतःच्या हाताने. बेटा, तू जाशील तर असा कागद लिहून जा. आणि वडिलांशी आधी बोल. ऑफर खिशात घेऊन फिरलास हे वाचून मला झोप लागली नाही. आम्हाला कळत असतं. तुझ्या वडिलांनाही कळलं असेल.

परतीची_वाट | ९ ऑक्टोबर, सकाळी १०:०५

काका, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. आज संध्याकाळी सासूबाईंच्या फ्रिजवर कागद लागतोय.

वाळवंटी_वाट | ९ ऑक्टोबर, रात्री ९:४०

अजून एक व्यावसायिक मुद्दा राहिला. एसएपीच्या ईसीसी या जुन्या आवृत्तीची मुख्य देखभाल २०२७ अखेर संपते, जादा पैसे भरले तर २०३० पर्यंत. आत्ता जगभर जी मागणी आहे ती त्यामुळे: सगळ्यांना एस-फोर-हाना या नव्या आवृत्तीवर जायचंय. द्राक्षवेल, तुम्ही या लाटेवर जाणार. लाट ओसरल्यावर फर्म कुणाला ठेवेल याचा विचार आजच करा.

नेकारकाठ | १० ऑक्टोबर, पहाटे १:३०

अगदी मुद्द्याचं. मायग्रेशनचं काम संपलं की सिस्टिम उतरवणारे बेंचवर, म्हणजे कामाविना, येतात. ज्याला क्लायंट रात्री फोन करतो तो राहतो. आणि फोन तो त्याच्या भाषेतच करणार. म्हणून मी पुन्हा तिथेच येतो. ऑफरवर पगार वाढवून मागू नका. तीन महिने उशिरा रुजू व्हायचं मागा, आणि भाषेच्या क्लासचा खर्च व आठवड्यातले चार तास फर्मने द्यावेत असं पत्रात लिहून मागा. चांगली फर्म देते. नाही म्हणाली तर तुमच्याकडून तिला काय हवंय ते तिथेच कळेल.

द्राक्षवेल | २६ ऑक्टोबर, रात्री ११:१५

दिवाळीमुळे उशीर झाला. सगळ्यांचे मनापासून आभार. काय घडलं ते लिहितो.

दुबईचा कागद आला नाही आणि मीही पाठपुरावा थांबवला. आठवड्यातला तो एक शनिवार माझ्या मनातून जाईना.

स्टुटगार्टला नेकारकाठांनी सांगितलं तसंच लिहिलं. चार दिवस उत्तर नव्हतं, ते चार दिवस फार जड गेले. मग त्यांच्या पार्टनरचा स्वतःचा फोन आला. १ एप्रिल मान्य, क्लासचा खर्च मान्य, चार तासांऐवजी तीन. त्याने एक प्रश्न विचारला: तुम्ही कारखान्यात नक्की काय करत होता? मी वीस मिनिटं अंबडबद्दल बोललो, प्रेस शॉपच्या रांगेबद्दल, पाळी बदलताना होणाऱ्या नोंदींच्या घोळाबद्दल. शेवटी तो म्हणाला की तुमच्या बायोडेटात याला दोनच ओळी आहेत, हे वर घ्या.

बायकोने इथे क्लिनिक चालू ठेवून आधी बी१ करायचं ठरवलं आहे. पुढच्या दिवाळीच्या सुमाराला ती आणि मुलगी येतील. तोवर मी पहिल्या करवर्गात, हिशेबनीस ताईंनी सांगितलेल्या आकड्यावरच हिशेब मांडलाय. सात-आठ महिने मुलीपासून लांब राहायचं आहे. त्यावर माझ्याकडे आज तरी काही उत्तर नाही.

बाबांशी बोललो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेलो. छाटणी अर्धी झाली होती, ते डोळे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावत होते. मीही ब्रश घेतला. दोन ओळी झाल्यावर सांगितलं. ते थांबले नाहीत, लावतच राहिले. मग म्हणाले, "माल निघेपर्यंत आहेस ना?" मी म्हटलं, मार्चअखेर जाणार, खुडा उरकूनच. त्यांनी मान डोलावली. जमिनीचा विषय त्यांनीच काढला. ताईला बोलावून, तिघांनी बसून ठरवू म्हणाले. भाऊबीजेला ती आली तेव्हा बसलोसुद्धा. दस्ताचं अजून नक्की नाही, पण सगळं सगळ्यांसमोर बोललं गेलं. ओझरकर काका, कागद लिहिला. बाबांनी तो फ्रिजवर नाही, पंपाच्या खोलीच्या दारावर लावायला सांगितला, कारण ते दिवसभर तिथेच असतात. दोन्हीकडे लावला.

संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना बाबांनी विचारलं, "तुझं ते गाव रॉटरडॅमपासून किती लांब?" आमची द्राक्षं ज्या वर्षी निर्यातीला जातात त्या वर्षी कंटेनर रॉटरडॅमला उतरतो. युरोपातलं ते एकच नाव त्यांच्या रोजच्या बोलण्यात आहे. मी फोनवर बघून सांगितलं, सहाशे किलोमीटरच्या आसपास.

"म्हणजे नागपूर," ते म्हणाले.

जुना_ओझरकर | २७ ऑक्टोबर, सकाळी ६:१०

बरं केलंस बेटा. मार्चमध्ये निघण्याआधी घरी येऊन जा. मुलाला काही पाठवायचं असतं, ते तुझ्या हाती देईन. त्याच्यापासून फार लांब नसशील, तो येऊन नेईल.

द्राक्षवेल | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:००

नक्की येतो काका.

नाशिकमध्ये शनिवार-रविवार समोर बसून जर्मन शिकवणारं कुणी माहीत असेल तर व्यनि करा. आम्ही दोघं आहोत, आणि सिन्नरचा_पोऱ्या, तूही येणार असशील तर तिघं.

सिन्नरचा_पोऱ्या | २७ ऑक्टोबर, सकाळी ८:०४

येतो दादा. एजंटला नाही म्हणून सांगितलं.